बाळंतिणीच्या पायात गुठळी : नळीनं काढायची की औषधावर भागेल?

पत्र बार्शीहून एका आईचं आहे, थोडक्यात देते.

"ताई, लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आलीय. सिझर होऊन आज १६ दिवस झाले. अकराव्या दिवशी डावा पाय मांडीपासून सुजला. आम्हाला वाटलं बाळंतपणाची सूज, मी दोन दिवस तेलानं मालिश केली, शेकही दिला. मग डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केला तर मांडीतली आणि वर ओटीपोटातली मोठी शीर गुठळीनं भरलीय असं निघालं. पोटात दोन वेळा इंजेक्शन चालू आहे. इथले फिजिशियन म्हणतात औषधानं विरघळेल. सोलापूरचे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन म्हणतात नळी घालून गुठळी काढू, कदाचित स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) लागेल, उशीर नको. शेजारच्या म्हणतात लेझर करा. कुणी म्हणतं पोटात छत्री बसवतात. गुठळी हृदयात जाईल का? बाळाला अंगावर पाजायचं का? पुढं दुसरं मूल होईल ना? सासरचे म्हणतात आमच्याकडं असती तर झालं नसतं. माझ्या मालिशनं झालं का, या विचारानं झोप लागत नाही."

ताई, तुमचं पत्र सकाळी वाचलं आणि बाकी सगळी पत्रं बाजूला ठेवून आधी याला उत्तर लिहितेय, कारण यात दिवस मोजायचे आहेत. सूज अकराव्या दिवशी आली म्हणजे आज पाचवा दिवस. नळीनं गुठळी काढायची असेल तर ती ताजी असावी लागते, साधारण पहिल्या १४ दिवसांतली, त्यानंतर ती शिरेच्या भिंतीला चिकटून घट्ट होत जाते आणि मग नळीला दाद देत नाही. म्हणजे तुमच्याकडं अजून आठवडाभर आहे, पण "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्याइतका वेळ नाही. सोलापूरचे डॉक्टर उशीर नको म्हणाले ते घाबरवायला नाही.

आधी मालिशचं, कारण ते डोक्यात असेल तोवर बाकीचं नीट वाचलं जाणार नाही. मालिशनं गुठळी झाली नाही. मालिश केली तेव्हा पाय आधीच सुजला होता, म्हणजे गुठळी आधीच होती. गरोदरपणात शरीर स्वतःच रक्त जास्त गोठेल अशी तयारी करून ठेवतं, बाळंतपणात रक्त वाहून बाई जाऊ नये म्हणून, आणि ही तयारी बाळंतपणानंतरही काही आठवडे उतरत नाही, पहिल्या ६ आठवड्यांत धोका सगळ्यात जास्त असतो. त्यात वाढलेल्या गर्भाशयानं पोटातल्या शिरा महिनोन् महिने दाबलेल्या असतात, त्यात सिझर म्हणजे मोठं ऑपरेशन, त्यात नंतर पडून राहणं. हे सगळं सासरी असती तरी असंच असतं. सासरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा, माझं नाव सांगून.

पण आता मालिश आणि शेक दोन्ही पूर्ण बंद. ताज्या गुठळीवर दाब देऊन चोळलं तर तुकडा सुटू शकतो. आणि अजून एक, राग मानू नका. आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उतरू देत नाहीत, पाणीही बेतानं देतात, हे तुमच्याकडंही चालू असेल तर आजपासून थांबवा. तिला भरपूर पाणी द्या. इंजेक्शन सुरू झालंय तर घरातल्या घरात चालू दे, त्यानं गुठळी सुटते ही भीती जुनी आहे, औषध चालू असताना चालण्यानं नुकसान होत नाही, उलट दुखणं आणि सूज लवकर उतरते. बसताना-झोपताना पाय उशीवर उंच. डिंकाचे लाडू चालू ठेवा, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

आता हृदयात जाईल का. पायातली गुठळी सुटली तर रक्ताबरोबर वर चढते, हृदयाच्या उजव्या भागातून पुढं फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. लोक त्याला हार्ट अटॅक समजतात पण तो वेगळा प्रकार आहे. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठा. तसंच पाय निळा-जांभळा पडायला लागला, असह्य ठणकायला लागला किंवा पाऊल गार आणि बधिर झालं, तर तीही इमर्जन्सी, त्यात आठवडाभर वाट बघायचा प्रश्नच येत नाही, त्याच रात्री निघायचं.

हा धोका कमी कशानं होतो? रक्त पातळ करणाऱ्या औषधानं, म्हणजे आत्ता पोटात जे इंजेक्शन चालू आहे त्यानं. नळी घाला नाहीतर नका घालू, स्टेंट बसवा नाहीतर नका बसवू, हे औषध सगळ्यांत समान आहे आणि किमान ३ महिने चालणार आहे. एक डोसही चुकवायचा नाही. सूज उतरली म्हणून पेशंट महिनाभरात औषध सोडतात आणि दुसरी गुठळी घेऊन परत येतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हात जोडून सांगते.

छत्री म्हणतात ती पोटातल्या मुख्य शिरेत बसवायची तारेची जाळी, सुटलेला तुकडा अडवायला. रक्त पातळ करायचं औषध देताच येत नाही, म्हणजे मेंदूत रक्तस्राव झालाय वगैरे, अशा पेशंटसाठी ती मुख्यतः असते. फ्रान्समध्ये ४०० पेशंटवर अभ्यास झाला, १९९८ साली छापून आला, त्यात जाळीनं फुफ्फुसात जाणाऱ्या गुठळ्या कमी झाल्या पण पायात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण वाढलं आणि जीव वाचण्यात फरक पडला नाही. तुमच्या लेकीला इंजेक्शन सोसतंय, तिला छत्रीची गरज मला दिसत नाही.

आणि लेझर, तो तर वेगळ्याच आजाराचा इलाज आहे. व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे कातडीखालच्या फुगलेल्या वेड्यावाकड्या निळ्या शिरा, त्या लेझरनं आतून भाजून बंद करतात. इथं खोलवरची मुख्य शीर बंद पडलीय, ती उघडायची आहे. खोल शीर तुंबलेली असताना वरच्या शिरा रक्ताला पर्यायी वाट देत असतात, त्या बंद केल्या तर पायाचं नुकसानच होईल. भिंतीवर "बिनटाक्याचे शिरांचे उपचार" म्हणून जाहिराती असतात त्या बहुतेक या लेझरच्या असतात, तिकडं जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट, फिजिशियनचं ऐकायचं की सर्जनचं. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. फिजिशियन जिवाचं बोलतायत, त्यासाठी इंजेक्शन-गोळ्या पुरेशा आहेत हे खरंच. फक्त "औषधानं विरघळेल" हा शब्द तितका बरोबर नाही. हे औषध गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, हळूहळू, महिने लागतात, आणि गुठळी ओटीपोटातल्या मोठ्या शिरेपर्यंत असेल तर बऱ्याचदा ते काम अर्धवट राहतं. सर्जन बोलतायत पायाच्या पुढच्या २०-३० वर्षांचं. शीर अर्धवट तुंबलेली राहिली, आतल्या झडपा खराब झाल्या, की रक्त वर चढत नाही, पाय संध्याकाळपर्यंत जड होतो, सुजतो, घोट्याजवळची कातडी काळी पडते, आणि काहींना तिथं न भरणारी जखम होते. खोल शिरेत गुठळी झालेल्यांपैकी साधारण २० ते ५० टक्के लोकांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास राहतो, आणि गुठळी जितकी वर तितकी शक्यता जास्त. तुमची लेक तरुण आहे, कडेवर बाळ घेऊन तिला त्या पायावर उभं राहायचंय, म्हणून हा प्रश्न तिच्या बाबतीत मोठा आहे.

मग नळीनं काढल्यावर हा त्रास टळतो का? इथं मी प्रामाणिकपणे सांगते, उत्तर सरळ हो असं नाही. नॉर्वेत २०९ पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, त्यात नळीतून गुठळी विरघळवणारं औषध दिलेल्यांमध्ये दोन वर्षांनी पायाचा त्रास ४१ टक्के लोकांना होता आणि नुसत्या नेहमीच्या औषधावर ठेवलेल्यांमध्ये ५६ टक्के. सगळे खूश झाले. मग अमेरिकेत ६९२ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आला, आणि दोन वर्षांनी त्रास असलेले लोक दोन्हीकडं जवळजवळ सारखेच निघाले, ४७ टक्के आणि ४८ टक्के. वर नळीवाल्यांमध्ये पहिल्या १० दिवसांत मोठा रक्तस्राव जास्त, १.७ टक्के विरुद्ध ०.३ टक्के. पण त्याच अभ्यासात त्रासाची तीव्रता बघितली तर मध्यम ते गंभीर त्रास नळीवाल्यांमध्ये १८ टक्के आणि दुसरीकडं २४ टक्के होता, आणि हा फायदा ओटीपोट-मांडीच्या शिरेत गुठळी असणाऱ्यांनाच झाला. गुठळी फक्त मांडीच्या खालच्या भागात असणाऱ्यांना नळीचा उपयोग नाही हेही त्यातून कळलं. म्हणून आता समजूतदार डॉक्टर प्रत्येक पेशंटला नळी घालत नाहीत. गुठळी ओटीपोटापर्यंत, पेशंट तरुण आणि एरवी धडधाकट, रक्तस्रावाचा धोका कमी, लक्षणं १४ दिवसांच्या आतली, अशांनाच सुचवतात. या यादीत तुमची लेक बसते, फक्त एका ठिकाणी अडते.

ते ठिकाण म्हणजे टाके. नळीचे दोन प्रकार आहेत. एकात बारीक भोकं असलेली नळी गुठळीत ठेवून त्यातून विरघळवणारं औषध थेंब थेंब सोडतात, एक-दोन दिवस आयसीयूत ठेवून. हे औषध गुठळी विरघळवतं तसं ते शरीरात दुसरीकडंही जिथं कोवळी जखम असेल तिथून रक्त वाहू देतं, आणि तिच्या गर्भाशयावरची जखम १६ दिवसांची आहे. मी तिथं असते तर हे औषध टाळा म्हटलं असतं. दुसऱ्या प्रकारात औषध न वापरता यंत्रानं गुठळी बाहेर काढतात, एक तर जाड नळीनं ओढून घेतात, नाहीतर तारेची घडी होणारी जाळीदार पिशवी गुठळीच्या पलीकडं उघडून खाली ओढत आणतात, विहिरीतला गाळ काढल्यासारखा. हे एकाच बैठकीत होतं आणि बाळंतिणीला हेच जास्त योग्य. तेव्हा सोलापूरला पहिला प्रश्न हाच विचारा, की तुम्ही विरघळवणारं औषध वापरणार का, टाके कोवळे आहेत ते लक्षात घेतलंय का, औषधाशिवाय नुसत्या यंत्रानं काढता का. ते नीट समजावून सांगतील तर विश्वास ठेवा. उडवाउडवी केली तर दुसरीकडं जा.

प्रत्यक्ष काय करतात ते सांगते म्हणजे तिला भीती वाटणार नाही. मोठी चीर नाही, पूर्ण भूल बहुतेक वेळा नाही, जागा बधिर करतात आणि गुंगीचं इंजेक्शन देतात. पालथं झोपवून गुडघ्याच्या मागच्या शिरेत सोनोग्राफीत बघून सुई घालतात, त्यातून तार, तारेवरून नळी. पोटावर टाके असताना पालथं झोपणं तिला जड जाईल, हे आधीच सांगून ठेवा, उशा लावून सोय करतात. मग रंगाचं औषध टाकून एक्सरेच्या पडद्यावर शीर बघत बघत गुठळी काढतात. नंतर शिरेच्या आतून सोनोग्राफी करणारी बारीक नळी असते, तीही वापरतात, आणि ती का ते पुढं येतंय.

गुठळी डाव्याच पायात का झाली? ओटीपोटात डाव्या पायाची मुख्य शीर आणि पाठीचा मणका यांच्या पुढून उजव्या पायाला जाणारी धमनी ओलांडून जाते, म्हणजे शीर धमनी आणि मणका यांच्यामध्ये दाबली जाते. मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये ४३० शवं तपासून दाखवलं की २२ टक्के लोकांत या जागी शिरेच्या आत पडदे-जाळ्या तयार झालेल्या असतात, जन्मभर काही त्रास न होता. बाळंतपणात गुठळी बहुतेक डाव्या पायात होते त्याचं हे एक मोठं कारण. गुठळी काढल्यावर ही दाबलेली जागा उघडी पडते, आणि ती तशीच ठेवली तर तिथं पुन्हा गुठळी होऊ शकते, म्हणून फुग्यानं फुगवून स्टेंट बसवतात. सर्जन "कदाचित" म्हणाले ते यासाठी, आतून सोनोग्राफीच्या त्या बारीक नळीनं बघितल्याशिवाय कळत नाही. शीर मोकळी दिसली तर स्टेंट नको, हेही विचारून ठेवा. स्टेंट बसवला तर तो कायमचा असतो, त्यामुळं "सोबत बसवून टाकू" इतक्या सहज ठरवायची गोष्ट नाही.

खर्चाचं बोलायलाच हवं. यंत्राची नळी एकदाच वापरायची असते, ती आणि स्टेंट हाच मोठा भाग. हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारनं २०१७ मध्ये बांधून दिली पण ती हृदयाच्या स्टेंटपुरती, पायाच्या शिरेचा स्टेंट वेगळा, तेव्हा तेवढ्यात होईल असं धरू नका. एस्टिमेट लेखी मागा, स्टेंटसह आणि स्टेंटशिवाय असं दोन्ही. परवडत नसेल तर लाजू नका, महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर असू द्या. मुंबईला जायची तयारी असेल तर केईएमसारख्या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात हे काम करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभाग आहे. आणि खर्च झेपत नाही म्हणून नळीचं राहिलं, तरी लेकीला उपचार मिळाले नाहीत असं मनाला लावून घेऊ नका. ज्या मुली फक्त औषधावर राहतात त्यांच्यातल्याही बऱ्याच जणी बऱ्या होतात.

बाळाला पाजायचं, नक्की पाजायचं. पोटातलं इंजेक्शन चालतं, रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालते, दोन्ही दुधातून बाळाला त्रास देत नाहीत. रंगाचं औषध टाकल्यावरही पाजणं थांबवायची गरज नाही. नवीन गोळ्या आल्यात, रिव्हारोक्सॅबन, अपिक्सॅबन वगैरे, एरवी चांगल्या आणि रक्ततपासणीची कटकट नाही, पण अंगावर पाजणाऱ्या आईला त्या सहसा देत नाहीत. डिस्चार्जच्या वेळी कुणी घाईत लिहून दिल्या तर "ती पाजतेय" हे तोंडानं सांगा. वॉर्फरिन दिली तर रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर नावाची तपासणी असते, तिचा आकडा २ ते ३ च्या मध्ये राहावा लागतो, आणि तो आकडा जमेपर्यंत इंजेक्शन सोबत चालू ठेवावं लागतं, निदान ५ दिवस. बाळंतिणीला आपण शेपू, मेथी देतो, त्यात व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून भाजी बंद करायची नाही, फक्त रोज साधारण सारखीच द्यायची, एक दिवस पातेलंभर आणि चार दिवस काहीच नाही असं नको. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक आणायची नाही, रक्तस्राव वाढतो. काढे, चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. बाळंतपणाचं अंगावरून जाणं अचानक वाढलं तर त्याच दिवशी दाखवा.

पायाला दाब देणारे घट्ट मोजे देतील, मांडीपर्यंतचे किंवा गुडघ्यापर्यंतचे. २०१४ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की मोज्यांनी पुढचा कायमचा त्रास टळत नाही, पण सूज आणि जडपणाला आराम पडतो. तिला बरं वाटलं तर घालू दे, उन्हाळ्यात सोसत नसतील तर त्यावरून तिला बोलू नका.

दुसरं मूल होईल. स्टेंट असलेल्या मुलींचीही बाळंतपणं झालेली आहेत. पण दोन गोष्टी आताच तिच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एक, वॉर्फरिन चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पहिल्या महिन्यांत बाळाच्या घडणीवर परिणाम होतो, आणि पुढच्या वेळी राहिल्याबरोबर डॉक्टरांना या गुठळीचं सांगायचं म्हणजे ते इंजेक्शन सुरू करतील. दोन, पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या तिला कधीच नकोत, पाळी पुढं ढकलायलासुद्धा नाही, ते काय घ्यायचं हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच. सणावाराला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घरात सहज फिरत असतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझं मत विचाराल तर, पत्रावरून जेवढं कळतं तेवढ्यावर, उद्या-परवाच सोलापूरला जा, डॉपलरचा पूर्ण रिपोर्ट, सिझरचं डिस्चार्ज कार्ड आणि इंजेक्शनच्या डोसची चिठ्ठी घेऊन. अजून एका डॉक्टरांचं मत हवं असेल तर तोवर रिपोर्टचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तेवढ्यासाठी पुण्यापर्यंतचा प्रवास नको. त्या सर्जननी पायाच्या गुठळ्या अशा किती काढल्यात हे विचारायला संकोच करू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही. सकाळचं इंजेक्शन देऊनच निघा, गाडीत तिला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवा, मध्ये एकदा उतरवून चार पावलं चालवा. बाळाला मागं ठेवू नका, पाजायला बरोबर न्या, आणि बाळाला धरायला जावयांना बोलवून घ्या, म्हणजे डॉक्टर जे सांगतील ते सासरच्या माणसानं स्वतःच्या कानानं ऐकलेलं असेल.